देहदान ठरलंय, मग दिवस कसे करायचे?

मुक्ता_मिरज: सासूबाई रोज विष्णुसहस्रनाम म्हणतात आणि देहदानाचा अर्जही त्यांनी स्वतःच भरलाय. दिवसही व्हावेत ही त्यांची इच्छा. थोरले दीर म्हणतात, अग्नी नाही तर गती नाही. विधी कुठे बदलतात? ऐन वेळी काय अडतं?

याज्ञिक: देह घरातून निघेपर्यंत काहीच बदलत नाही. स्नान, नवं वस्त्र, मुखात गंगाजल, तुळशीपत्र, सगळं करा. गळतं ते फक्त मंत्राग्नी आणि अस्थिसंचयन. दशपिंड, अकरावा, सपिंडीकरण (मृताला पितरांत मिळवण्याचा विधी) पिंडांवर चालतं, त्याला अस्थी लागत नाहीत.

खरी अडचण अश्म्याची. एरवी स्मशानात मडकं फोडलेला दगड, म्हणजे अश्मा, दहाव्यापर्यंत जपतात आणि तिलांजली त्याच्यावर देतात. इथे तो मिळणार नाही. नदीतला दगड घेऊन त्यावर आवाहन करायचं, हे गुरुजींशी आधीच बोलून ठेवा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित अर्थ सांगत विधी करतात, त्यांत स्त्रियाही आहेत.

शरीररचना_विभाग: अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. शेवटी संमती वारसांचीच लागते. एक मुलगा आडवा आला तरी महाविद्यालय सहसा देह घेत नाही, म्हणून दिरांशी आत्ताच बोला.

शवविच्छेदन झालं असेल, एचआयव्ही, कावीळ-ब किंवा क्षयासारखा संसर्ग असेल, तर नकार मिळतो. नेत्रदान करून मग देह देणं चालतं, पण नेत्रदान मृत्यूनंतर ६ तासांच्या आत; एचआयव्ही किंवा कावीळ-ब असेल तर तेही होत नाही. पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद.

मृत्यू घरी झाला तर डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) लगेच घ्या. रात्री हाच मिळत नाही आणि तास निघून जातात. फॅमिली डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. मृत व्यक्तीचं आणि सही करणाऱ्या वारसाचं, दोघांची आधार कार्डं सोबत हवीत. देह घेतल्याची पावती नीट ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तिथे स्मशानाच्या पावतीऐवजी हीच दाखवायची.

कऱ्हाडकर: दिरांसाठी पालाशविधी सुचवता येईल. पळसाच्या ३६० देठांची आकृती, डोक्याच्या जागी नारळ, आणि तिला अग्नी.

याज्ञिक: तो विधी देह सापडतच नाही तेव्हाचा. इथे देह आहे, स्वेच्छेने दिलेला आहे, म्हणून मी तो करू नये म्हणतो. पण त्याशिवाय दिरांचं मन मानत नसेल आणि त्यामुळे ते सही करणार असतील, तर अडवू नका. सासूबाईंची इच्छा पुरी होणं मोठं.