मदत हवी आहे: डुकरांना जुलाब लावणारा पीईडी व्हायरस (पीईडीव्ही) पेशीत नेमका शिरतो कसा?

नमस्कार मंडळी, नागपूरला व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोमवारी डुकरांच्या आतड्यातल्या कोरोनाव्हायरसवर सेमिनार द्यायचाय अन् एका जागी गाडी अडलीये. टीजीईव्हीचं (डुकरांच्या आतड्यातलाच दुसरा कोरोनाव्हायरस) सोपं आहे, त्याचा स्पाइक म्हणजे वरचं काट्यासारखं प्रोटीन आतड्याच्या पेशीवरच्या एपीएन (अमिनोपेप्टिडेज एन) प्रोटीनला चिकटतो, झालं. पीईडीव्हीचाही रिसेप्टर (व्हायरस पेशीवर जिथं चिकटतो ते प्रोटीन) तोच असं सीनियरच्या जुन्या नोट्समध्ये लिहिलंय, पण 2019 च्या पेपरात एपीएनचं जीन बंद केलेल्या डुकरांना टीजीईव्ही झाला नाही, पीईडीव्ही मात्र झालाच, मग हा दुसऱ्या कोणत्या दारानं घुसतो? वरून लॅबमध्ये पीईडीव्ही व्हेरो पेशींत (माकडाच्या किडनीच्या पेशी) वाढवताना बहुतेकदा ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) टाकावं लागतं, ते स्पाइक कापायलाच ना? सर नेमकं हेच विचारतील भाऊ. कोणी व्हायरॉलॉजीवालं असेल तर साध्या भाषेत सांगा ना, तर्री पोहे माझ्याकडून.