स्पिटफायर मार्क ९ (१/४८) : डेकलखाली चंदेरी झाक आली आहे, विमान वाचवता येईल का?

चिमटा_आणि_गोंद

नमस्कार मंडळी. हे माझं तिसरं मॉडेल, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं. जून १९४४ मधलं, नॉर्मंडीच्या पट्ट्यांसह (तिथल्या उतराईआधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर मारलेले काळे-पांढरे पट्टे), विंग कमांडर जॉनी जॉन्सन यांचं 'जेई-जे'. विंग कमांडरला स्क्वाड्रनच्या अक्षरांऐवजी स्वतःची आद्याक्षरं विमानावर लावता येत. जेम्स एडगर जॉन्सन म्हणून जेई-जे. मला ते फार आवडलं. हजारो स्पिटफायरमधून एक विमान एका माणसाचं होतं.

कॉकपिटवर अकरा संध्याकाळी गेल्या. सटन हार्नेसचे पट्टे मास्किंग टेपच्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापून केले, त्यावर सुईच्या टोकाने भोकं उमटवली आणि प्रत्येक भोकाला पितळी रंगाचा टिपका दिला. सीट लालसर तपकिरी ठेवली, कारण खरी सीट राळेत भिजवलेल्या कागदाची असायची. भिंगातून बघितलं की अजूनही समाधान वाटतं.

अडचण पुढची आहे. घाईत डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं) थेट मॅट रंगावर लावले. दुसऱ्या दिवशी बघते तर पंखावरच्या दोन्ही मोठ्या राउंडेलखाली (ब्रिटिश हवाई दलाची गोल खूण) चंदेरी झाक. दिव्याखाली विमान तिरकं धरलं की गोलभर पांढुरकं चमकतं. वरचा वॉर्निश अजून मारलेला नाही.

दुसरं म्हणजे डेकलच्या आधी रंग उडून खालचा धातू दिसावा तसे स्पंजने ॲल्युमिनियम रंगाचे टवके दाखवले होते, पंख, नाक, शेपटीचं रडर, प्रोपेलर, सगळीकडे. काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही. डेकल सोलून काढू का? जीव तुटतोय, पण असं अर्धवट कपाटात ठेवायचं नाहीये.

स्प्रूकटर

सोलू नका! मी एका मस्टँगचे डेकल टेप लावून ओढले होते. डेकलबरोबर रंग आला, रंगाबरोबर प्रायमर आला. वॉर्निश मारलेला नाही हे तुमचं नशीब, डेकल मऊ करणारं औषध अजून आत पोचू शकतं.

काजळी

ताई, आधी डेकलचं बघू. मॅट रंग डोळ्याला सपाट दिसतो, पण भिंगाखाली तो पॉलिशपेपरसारखा खरबरीत असतो. डेकलची फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते आणि मधल्या खळग्यांत हवा अडकते. तुम्हाला चमकताना दिसतेय ती ही हवा. ती बाहेर काढली की झाक गेली.

बारीक सुई घ्या आणि झाक आहे तिथेच उभी टोचा. तिरकी टोचलीत तर फिल्म फाटेल. मग मऊ ब्रशने डेकल मऊ करणारं द्रावण लावा, मायक्रो सोल किंवा तसलंच कुठलंही. ते टोचलेल्या भोकांतून आत उतरतं. थोड्या वेळात राउंडेल सुरकुतेल, अगदी भिजलेल्या कागदासारखं. तिथे छातीत धस्स होतं, पण हात लावायचा नाही. वाळताना ते आपोआप खाली बसतं आणि रंगाला चिकटतं. रात्रभर ठेवा, सकाळी तिरक्या उजेडात बघा, राहिलं असेल तिथे परत टोचा. दोन-तीन फेऱ्या लागतील. आधी किटमधलं एखादं न लागणारं डेकल रंगवलेल्या स्प्रूवर (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) लावून त्यावर द्रावण टाकून बघा. काही डेकल आणि काही रंग ते सोसत नाहीत. पुढच्या वेळी डेकलआधी ग्लॉस कोट, डेकलवर पुन्हा ग्लॉस, आणि शेवटी मॅट.

आता टवके. तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. रंग कुठेही उडत नाही. जिथे पाय पडतो, हात लागतो, पाना फिरतो तिथे उडतो. स्पिटफायरचं छोटं दार डाव्या बाजूला आहे. पायलट डाव्या पंखाच्या मुळाशी पाय देऊन चढणार, म्हणजे झीज तिथे जास्त. नाकावरची कवचं मेकॅनिक सारखी काढतात, तेव्हा त्यांच्या कडा आणि फास्टनरभोवती टवके हवेत. पंखावर तोफांच्या झाकणांशी हवेत, कारण दारूगोळा तिथूनच भरतात. पंखाच्या टोकाशी कोण कशाला जाईल?

आणि रडर! रडरवर कापड ताणलेलं असतं. खाली धातूच नाही, तर चंदेरी टवका निघणार कुठून? तिथले सगळे ठिपके झाका. प्रोपेलरचंही तेच. मार्क ९ च्या रोटोल प्रोपेलरची पाती दाबून घट्ट केलेल्या लाकडाची, त्यामुळे तिथेही ॲल्युमिनियम नको.

एक्झॉस्टच्या सहा-सहा नळ्यांमागचा धूर नुसता काळा करू नका. काळ्यात तपकिरी मिसळा, एअरब्रशचा दाब कमी ठेवा, रंग पाण्यासारखा पातळ करा आणि एकावर एक पुसटसे थर द्या. पहिले तीन थर दिसणारच नाहीत, त्यावर विश्वास ठेवा. मशीनगनच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या लावल्यात का? त्या शाबूत दाखवल्या असतील तर त्या गनांमागे ताज्या धुराचे डाग नकोत. गोळी सुटली की पट्टी फाटते.

साडेनऊ_मिमी

नॉर्मंडीच्या पट्ट्यांबद्दल सांगतो, तो माझा जिव्हाळ्याचा विषय. एकइंजिनी विमानांना प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, म्हणजे ४५७ मिलिमीटर. भागिले ४८, साडेनऊ मिलिमीटर. तीन पांढरे, दोन काळे. ६ जूनच्या उतराईच्या जेमतेम आधी, गुप्तता फुटू नये म्हणून अगदी शेवटच्या क्षणी ते मारले गेले. कित्येक ठिकाणी हाताने, ब्रशने. तुमच्या पट्ट्यांच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ असतील तर एखादी कड टोकदार ब्रशने किंचित हलवा.

काजळी दादांच्या म्हणण्यात एकच भर: वयाचा हिशोब ठेवा. विमान आधीपासून उडतंय, पट्टे काल-परवाचे. जुने टवके पट्ट्यांखाली झाकले गेले असणार. पट्ट्यांवर मळ कमी, बाजूच्या ग्रे-ग्रीनवर जास्त. एवढं केलंत तरी बघणाऱ्याला तारीख कळते.

वॉशही (सांध्यांच्या रेघांत सोडतात तो पातळ रंग) बेताने. १/४८ ला ०.२ मिलिमीटरची काळी रेघ म्हणजे खऱ्या पत्र्यात जवळजवळ एक सेंटिमीटरची फट! गडद तपकिरी-करडा वॉश घ्या आणि निम्म्याहून जास्त पुसून काढा.

काजळी

वयाचा मुद्दा एकदम पटला. माझ्याही डोक्यात आला नव्हता.

चिमटा_आणि_गोंद

आठ दिवसांनी लिहितेय. आधी स्प्रूवर करून बघितलं, मगच राउंडेलला हात लावला. डाव्या राउंडेलला सुईची तीसेक टोचणी आणि दोन रात्री लागल्या. सुरकुत्या पडल्या तेव्हा खोलीतून उठून गेले, समोर बसून राहिले असते तर बोट लागलंच असतं. सकाळी पत्र्याच्या सांध्याची रेघसुद्धा निळ्या रंगातून वर आली होती, जणू राउंडेल रंगवलेलंच आहे. उजव्याला लाल ठिपक्याशेजारी तांदळाएवढी झाक हटेना. तिथून सांध्याची रेघ जाते. नव्या ब्लेडने त्या रेघेतच चिरलं आणि द्रावण सोडलं. बसलं.

रडर आणि पाती पुन्हा रंगवली, उजव्या पंखावरचे बहुतेक टवके झाकले, डाव्या पंखाच्या मुळाशी राहू दिले. आता विमान डावीकडून आणि उजवीकडून वेगळं दिसतं. कुणीतरी रोज त्यात चढतंय असं वाटतं! तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचा प्रश्न: मास्टपासून (कॉकपिटमागचा उभा खांब) रडरपर्यंत रेडिओच्या एरियलची तार ताणायची का? स्प्रू मेणबत्तीवर तापवून केसासारखा धागा ओढून ठेवलाय.

काजळी

नको. ती तार सुरुवातीच्या मार्क १ ला होती, जुन्या एचएफ रेडिओसाठी. नवा व्हीएचएफ रेडिओ आल्यावर काढून टाकली. १९४४ च्या मार्क ९ ला नुसता मास्ट. धागा डबीत जपून ठेवा, आणि कॅनॉपी चिकटवताना सुपरग्लू जवळपास आणू नका, वाफेने काच धुरकटते. साधा पांढरा गोंद पुरतो. झालं की दोन्ही बाजूंचे फोटो टाका, डावी बाजू आधी.