लेथब्रिजसारख्या गावात घर घ्यावं, की कॅलगरीतच राहावं?

कूलीकाठ

कॅलगरीतल्या मराठी मंडळींचा एक ठरलेला सल्ला आहे. लेथब्रिज, रेड डिअर, मेडिसिन हॅट असल्या गावांत नोकरी लागली तर घ्या, पण घर घेऊ नका. थोडे दिवस काढा, कॅनडातला अनुभव गाठीशी बांधा आणि कॅलगरीला पळा. नाहीतर पोरं एकटी पडतात आणि तुम्ही अडकता. ज्यांची मुलं लहान आहेत आणि ज्यांचं काम इथेच आहे, त्यांच्यासाठी तरी हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. म्हणून हा धागा. भांडा.

ज्यांना गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या दक्षिण भागात, कॅलगरीहून गाडीने दोन-सव्वादोन तास. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ९८,४०६. मधून ओल्डमन नदी खोल दरीतून वाहते आणि दरीच्या दोन्ही अंगांना गवताळ घळी आहेत, त्यांना इथे कूली म्हणतात. पूर्वेला जुनं गाव, डाउनटाउन, इस्पितळ. पश्चिमेला विद्यापीठ आणि त्याच्या आगेमागे वसत गेलेल्या वसाहती. आम्ही पश्चिमेला राहतो.

इथली आखणीच मुलांना धरून केलेली आहे. रस्ते वळणावळणाचे, बरेचसे बंद टोकाचे, त्यामुळे गल्लीत शिरणारी गाडी बहुतेक गल्लीतलीच असते. घरांच्या मागून पायवाटा जातात आणि तळं, मैदान, शाळा यांना जोडतात. (तळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खोदलेला खड्डा आहे, पण बदकांना ते कोण सांगणार.) क्रॉसिंग्ज भागात दोन हायस्कुलं आणि त्यांना जोडून सार्वजनिक वाचनालयाची शाखा, जवळच बर्फाचे रिंक, आणि २०१९ पासून पोहण्याचे तलाव. माझी मुलगी तिसरीत आहे, शाळेत चालत जाते. संध्याकाळी दार वाजतं आणि कोणीतरी विचारतं, ती खेळायला येते का? हे मी लहानपणी डोंबिवलीत पाहिलं होतं. कॅलगरीच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये कोणी दार वाजवलं, तर ते पार्सलवाल्यानेच.

पैशाचं बोलायचं तर कॅलगरीत टाउनहाउसला जेवढे मोजावे लागतात, तेवढ्यात इथे अंगणासकट स्वतंत्र घर आणि खाली बेसमेंट मिळू शकतं. डेकेअरचा हिशेब मी धरत नाही, कारण एप्रिल २०२५ पासून पूर्णवेळ मुलाला महिना ३२६.२५ डॉलर हा दर सगळ्या अल्बर्टात एकच आहे. मी धरते तो वेळ. नवरा दहा-बारा मिनिटांत कामावर पोचतो आणि रोज जेवायला सगळे एकत्र असतो.

वारा आहे. पुष्कळ आहे. त्यावर नवं काही सुचलं तरच लिहा.

नाक्यावरचा

मुलांचं सगळं लिहिलंत, सासूबाई कुठे दिसल्या नाहीत.

जुलै २०२२ पासून सुपर व्हिसावर आईवडील एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. आपण हौसेने बोलावतो, आणि खरं बोलायचं तर गरजेपोटीही बोलावतो. मग ते येतात तुमच्या वळणदार गल्लीत. ज्या आखणीमुळे पोरं सुरक्षित, तीच आखणी सत्तरीच्या माणसाला कोंडून घालते. पायी गाठावं असं जवळपास काही नाही. ना वाणी, ना देऊळ, ना बाकावर बसलेला दुसरा रिकामा माणूस. बस आहे, पण काही भागांत ती फोनवरून बोलवावी लागते, तीही इंग्रजीत. डिसेंबरात साडेचारला अंधार. माझे वडील खिडकीशी बसून गाड्या बघायचे, आणि दुपारी बघायला गाड्याही नसत.

आम्ही उठून कॅलगरीला आलो, मार्टिनडेलला. घर लहान, शेजार गोंगाटाचा. पण गुरुद्वारा चालत गाठता येतो, भाजी चालत आणता येते आणि हिंदीत हुज्जत घालायला माणसं आहेत. वडील सुधारले. पोरांना मैदान थोडं लांब पडतं, पडू दे.

आजी_सध्या_पश्चिमेला

आमच्या नावाने भांडताय म्हणून लिहिते. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी याच गावात, याच बाजूला राहते. पहिला हिवाळा वाईट गेला, नाही म्हणत नाही. पण इथे भूतानमधून हाकलून दिलेले नेपाळी बोलणारे लोक पुष्कळ आहेत. कॅनडात त्यांची सर्वांत मोठी वस्ती लेथब्रिजचीच, असं सांगतात. त्यातल्या दोघीजणी मागच्या गल्लीत राहतात. माझं हिंदी आणि त्यांचं नेपाळी, मेथी निवडताना काही अडत नाही. त्यांच्या दुकानात गुंद्रुक म्हणून वाळवलेला पाला मिळतो, त्याची आमटी मी आता आपल्या पद्धतीने करते. त्यांची मुलं-नातवंडंसुद्धा याच पायवाटांवर सायकली हाकतात.

माझा लेक मला करमत नाही असं समजून वरचेवर कॅलगरीला मराठी मंडळींत घेऊन जातो. दोन तास गाडीत आखडून बसायचं आणि तिथे सगळ्यांनी विचारायचं, गुडघा कसा आहे! येताना तो आणखी दुखत असतो. नाक्यावरचे, तुम्ही घर बदललंत ते वडिलांना विचारून का?

भीती एकाच गोष्टीची वाटते. व्हिसासाठी एक लाख डॉलरचा विमा काढलाय, पण विमा म्हणजे डॉक्टर नव्हे. इथल्या कायमच्या रहिवाशांतच कितीतरी जणांना फॅमिली डॉक्टर नाही. त्यावर कूलीकाठताईंनी एक अक्षर लिहिलेलं नाही.

नाक्यावरचा

आजी, विचारलं होतं. ते 'तुमची सोय बघा' म्हणाले. आपल्याकडचे वडील दुसरं काय म्हणतात?

दोन_किशोरांची_आई

तिसरीपर्यंत सगळं छानच असतं हो. नववीत या, मग बोलू.

मुलगा चौदाचा झाला. अल्बर्टात १४ व्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, पण एकट्याने गाडी चालवायला १६ पूर्ण व्हावे लागतात. मधली दोन वर्षं मी ड्रायव्हर. बॅडमिंटन नदीपलीकडे, मित्र नदीपलीकडे, सुट्टीतली पहिली नोकरीही नदीपलीकडे. नदीवर गाडीचे रस्ते दोनच: व्हूप-अप ड्राइव्ह आणि उत्तरेचा हायवे ३. एकावर अपघात झाला की अख्खी पश्चिम दुसऱ्यावर. ऑक्टोबर २०२१ च्या मतदानात लोकांनी २०३० च्या आत तिसरा पूल हवा असा कौल दिला, पूल अजून कागदावरच आहे. १९०९ चा उंच रेल्वेपूल आहे, दीड किलोमीटरहून लांब, पाहुण्यांना दाखवायला फार सुंदर. त्यावरून मालगाडी जाते, माझा मुलगा नाही.

आणि इस्पितळही पूर्वेलाच.

विहीर

मला तुमच्या शांततेबद्दलच बोलायचंय. ती नदीमुळे आहे.

२०२० मध्ये गुन्ह्यांच्या तीव्रतेच्या निर्देशांकात लेथब्रिज कॅनडाच्या महानगर विभागांत सर्वांत वर होतं. तुमच्या गल्लीत हे जाणवत नाही, कारण बरंचसं डाउनटाउन आणि त्याच्या आसपास घडतं. तिथे २०१८ पासून देखरेखीखाली अमली पदार्थ घेण्याचं केंद्र चालायचं. प्रांताने पैसा काढून घेतला आणि २०२० मध्ये ते बंद झालं. येणारी माणसं कुठे गेली, हे आपण कधी विचारलं नाही. गावाच्या नैऋत्येला काइनाइ या इथल्या मूळनिवासी लोकांचा राखीव प्रदेश आहे, क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा. नशेच्या बळींमुळे त्यांनी २०१५ मध्येच आणीबाणी जाहीर केली होती. आपल्या गप्पांत हे सगळं एका वाक्यात उरकतं: 'संध्याकाळी डाउनटाउनला जाऊ नका.'

घर जरूर घ्या. पण गाव चांगलं आहे असं म्हणू नका. गावाचा एक कोपरा चांगला आहे, आणि तो ज्यांना परवडतो त्यांनाच.

कूलीकाठ

विहीर, तुम्ही दिलेली माहिती खरी आहे. पण तिच्यावरून कॅलगरीला जावं असं कसं निघतं? कॅलगरीच्या टोकाच्या उपनगरात राहणारा मराठी माणूस महिनोन्महिने डाउनटाउन बघत नाही. तिथला दुरावा मोठ्या अंतरात लपतो, इथे एक पूल ओलांडला की समोर येतो. माझ्या मुलीच्या वर्गात काइनाइ मुलं आहेत, शाळेत सकाळी 'ओकी' म्हणून नमस्कार होतो. एवढ्याने न्याय होत नाही हे मलाही कळतं. पण ती ज्यांच्या भूमीवर वाढतेय त्यांची नावं तिला माहीत आहेत. मला इथे आल्यावरही बराच काळ नव्हती.

आजी, डॉक्टरचं खरं आहे. नवीन येणाऱ्याने घराआधी डॉक्टरच्या यादीत नाव लावावं. आम्हाला बरीच वाट बघावी लागली आणि तोवर वेळ न घेता जाता येतं अशा वॉक-इन दवाखान्यावर भागवलं. लहान मुलांचं त्यावर निभतं. मधुमेह, रक्तदाबवाल्यांचं निभत नाही.

ब्रँडनवाला

मॅनिटोबातून लिहितोय, त्यामुळे वाऱ्याच्या तक्रारी वाचून हसू आलं. तुमच्याकडे चिनूक हा उबदार वारा येतो, उणे वीसचं एका दुपारीत शून्याच्या वर नेतो आणि गल्लीतला बर्फ फुकटात उचलतो. आमच्याकडे जानेवारी आला की मुक्काम ठोकतो. गाडीचं इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर रात्री लावायला विसरलात, तर सकाळी ऑफिसला फोन करायचा.

तरी आम्ही राहतो. ब्रँडन तुमच्याहून लहान, २०२१ मध्ये ५१,३१३. १९९९ मध्ये डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना आला, त्यात कामाला एल साल्वादोर, होन्डुरास, चीन, मॉरिशस अशा देशांतून लोक आले आणि गावाच्या शाळांचा चेहरा बदलला. मॉरिशसचं एक कुटुंब आमच्या रांगेत राहतं. पूर्वज कोकणातले, घरी गणपती बसतो, बोलणं सगळं क्रिओल. आमच्या आरतीला येतात, आम्ही त्यांच्या. 'लहान गावात आपलं माणूस मिळत नाही' म्हणणाऱ्याने आपलं माणूस म्हणजे फक्त पुणे-ठाणे धरलेलं असतं.

उंबरठा

आजी झाली, पोरं झाली, पूल झाला, गणपतीही झाला. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नोकरीचं एकाच्याही प्रतिसादात नाही. कमाल आहे.

या गावात मोठे मालक कोण? विद्यापीठ, पॉलिटेक्निक, आरोग्यसेवा, शाळा, महापालिका आणि बटाट्याचे फ्राय करणारे कारखाने. तुम्ही नर्स असाल, शिक्षिका असाल, शेतीशास्त्रवाले असाल तर उत्तम. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम चालवत होते. इथे घरून काम मिळालं होतं. मग कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, ऑफिस कॅलगरीला. आठवड्यातून तीन दिवस हायवे २ वर, जिथे वारा सुटला की रिकामे ट्रक आडवे होतात. शेवटी सोडली. आता डेकेअरमध्ये सहायक आहे. काम आवडतं, पगाराचं विचारू नका.

घर स्वस्त पडलं म्हणता, त्यात माझा गेलेला पगार धरलाय का? दोन पगारांवर कॅलगरीतलं महाग घर झेपतं. इथे एकावर भागतं म्हणून दुसरा हळूच गळतो, आणि तो बहुतेक बाईचाच असतो. 'रोज जेवायला सगळे एकत्र' हे वाचून छान वाटलं. स्वयंपाक कोणी केला?

कूलीकाठ

स्वयंपाक नवरा करतो. तुम्ही मुद्द्याचं बोललात म्हणून हेही सांगते.

माझी नोकरी विद्यापीठातली आहे, त्यामुळे मला तो फटका बसला नाही. पण याला मी लहान गावाचं दुखणं म्हणणार नाही. एका क्षेत्रावर, एका मालकावर सगळं टांगलं की कॅलगरीतही तेच होतं. २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव पडत गेले, तेव्हा तिथे दोघंही घरी बसलेली जोडपी होती आणि डोक्यावर हप्ते मोठे होते. इथे एका पगारावर हप्ता जातो, हाच तर आधार.

उंबरठा

आधार घराला. मला नाही.

दोन_किशोरांची_आई

+१ उंबरठा. पण कूलीकाठ, जे तरीही घेणारच आहेत त्यांच्यासाठी कामाचं काहीतरी लिहा. माझी नणंद मार्चमध्ये यायचं म्हणतेय.

कूलीकाठ

जुलैत घर बघू नका, जुलैत सगळीच घरं गोड दिसतात. वारा वाहत असताना या. छपराची खपली उडालीय का, कुंपण कुठे कललंय, पश्चिमेच्या खिडक्या शिटी घालतात का, ते तेव्हाच कळतं. गॅरेजचं तोंड पश्चिमेला असेल तर बर्फ दारातच साठतो. फुटपाथ बर्फ थांबल्यापासून २४ तासांत स्वतः साफ करायचा असतो, म्हणून कोपऱ्यावरचं घर घेताना दोन्ही बाजूंची लांबी मोजा. घळीला लागून घर मिळालं तर नजारा अप्रतिम, मात्र हरणं झाडं खातात आणि उन्हाळ्यात रॅटलस्नेक निघतात. मारू नका, पकडून नेणारी माणसं येतात. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येतो, फर्नेसचा फिल्टर चांगला घाला.

नणंदबाईंच्या यजमानांचं क्षेत्र कोणतं?

दोन_किशोरांची_आई

यजमान नर्स आहेत. नोकरीची वानवा तिचीच आहे, ती इंटिरिअर डिझाइनर.

उंबरठा

तिला माझा निरोप द्या: भाड्याने राहा.