मदत हवी आहे : अक्षरं येतात, वाचन येत नाही (प्रौढ साक्षरता वर्ग, इंदूर)

नमस्कार. बँकेतून निवृत्त झाले आणि दिवाळीपासून पाटनीपुऱ्याजवळ संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग घेते आहे. अकरा जणी, तिशी ते पंचावन्न. घरी मालवी नाहीतर निमाडी, दोघी बऱ्हाणपूरकडच्या मराठी. शिकायची मात्र हिंदी, कारण लाडली बहना या सरकारी योजनेचे पैसे आल्याचा मेसेज स्वतः वाचायचा आहे. (माझं मराठीही इंदुरीच, सांभाळून घ्या.)

बाराखडी झाली. पण 'बाजार' वाचताना 'र'पर्यंत पोचेस्तोवर 'बा' विसरलेला असतो, मग अंदाजपंचे काहीतरी ठोकून देतात. गंमत म्हणजे कचरागाडीवरचं 'गीला' आणि 'सूखा' सगळ्या बिनचूक सांगतात. तोच 'गीला' वहीत लिहिला की गप्प!

हिशोबाची तऱ्हा आणखी वेगळी. भाजी विकणाऱ्या एक ताई साडेतीन किलोचे पैसे तोंडी सांगतात, सुट्टेही परत देतात. कागदावर हातच्याची बेरीज दिली की घाम फुटतो.

मी कॉमर्सवाली. भाषाशास्त्र, मानसशास्त्र, गणित यांतलं कुणी असेल तर तुमचा विषय इथे नेमका कुठे कामी येतो ते सांगा. 'प्रेमाने शिकवा' हा सल्ला ऐकून झालाय.

प्रतिसाद १
भाषाशास्त्रातून : 'घर' लिहिताना 'र' पूर्ण, बोलताना त्यातला 'अ' गळतो. 'दिन'मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर. आपल्याला सवयीने हे जाणवत नाही, नवशिका तिथेच अडखळतो. म्हणून आधी 'माला', 'नानी', 'पानी' असे दीर्घ स्वरान्त शब्द द्या. 'घर', 'दिन' मागाहून.

प्रतिसाद २
'बा' निसटतो तो बुद्धीमुळे नव्हे. एका वेळी मनात थोड्याच गोष्टी मावतात आणि एकेक अक्षर ओळखण्यातच ती जागा संपते. रोज तीच वीस अक्षरं दोन मिनिटं, झरझर. अचूकता आहेच, आता वेग हवा. आणि चाळिशीपुढच्यांचे डोळे तपासलेत का? मेसेजची अक्षरं बारीक असतात.

प्रतिसाद ३
तुमच्या भाजीवाल्या ताई एकट्या नाहीत. ब्राझीलमधल्या रेसिफेच्या बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला : विक्री करताना ९८ टक्के उत्तरं बरोबर, नुसती आकडेमोड दिली तर ३७. ताई तोंडी कसं करतात ते आधी विचारा, तसंच कागदावर मांडा.
ब्राझीलचेच, प्रौढांना साक्षर करणारे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे 'तिजोलो' म्हणजे वीट, हा शब्द घ्यायचे. त्यावर गप्पा मारायच्या, मग तो फोडून त्यातल्या 'ति'वरून ता-ते-ति-तो-तु. म्हणजे बाराखडीच, फक्त शब्दानंतर! तुमच्याकडे 'गीला' आयता आहे. आत्ता त्या तो गाडीच्या रंगावरून ओळखत असतील, अक्षरांवरून नाही.

धागाकर्ती
चष्म्याचं डोक्यातच आलं नव्हतं! आज विचारलं तर तिघींनी कबूल केलं की सुईत दोरा नातवंडं ओवून देतात. शनिवारी डोळे तपासायला नेते.
'गीला'वर आज गप्पा झाल्या. अर्धा तास कचरागाडीच्या वेळेवर भांडण, मग गा-गी-गु. दोघींनी आपणहून 'गाडी' वाचलं.
ताई साडेतीन किलोसाठी आधी दोन किलोचे, मग एकाचे, मग अर्ध्याचे पैसे मिळवतात. तसं कागदावर मांडलं, जमलं. पण मग हातचा कधी शिकवायचा? की शिकवूच नये?