कटसीन म्हणजेच गोष्ट? मग गेम कशाला, थेटरात जा ना भो

तापीकाठ
कटसीन म्हणजे गेममध्ये खेळणं थांबवून नुसता बघायला लावलेला सिनेमासारखा तुकडा. त्यावरून काल इथे पटकथावाला यांनी लिहिलं: "गेमची गोष्ट लक्षात राहते ती कटसीनमुळे. मधलं पळणं-मारणं म्हणजे दोन सीनमधलं भरताड. खान्देशावर गेम करायचा तर आधी दोन तासांचे कटसीन लिहून घ्या, खेळ नंतर बसवू." वर ८० लाईक. दोन ओळींत सोडून देण्यासारखं नाही हे, म्हणून लांबण लावतोय.

२०१३ चा ‘ब्रदर्स’ घ्या. (शेवट फुटणार आहे, न खेळलेल्यांनी पुढे सरका.) कंट्रोलरची डावी बाजू मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची. दोघांना एकेक स्टिक (चालवायची दांडी), एकेक ट्रिगर (काम करायचं बटण). धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई डोळ्यांदेखत बुडाली. पाणी आलं की तो मोठ्याच्या पाठीवर बसतो आणि पोहायचं काम डाव्या हाताचं. शेवटी मोठा मरतो. डावा अंगठा तासभर बिनकामाचा नव्हता, तो अचानक रिकामा होतो. मग वाटेत पूर आलेलं पाणी. धाकटा काठावर जाऊन मागे सरकतो. उजवा ट्रिगर दाबा, काही होत नाही. डावा, म्हणजे मेलेल्या भावाचा ट्रिगर दाबला की तो पाण्यात उतरतो. गेमभर कळेल अशा भाषेत एक शब्द नाही, दोघे बोलतात ती भाषाच बनावट. पटकथावाल्यांनी हा प्रसंग कटसीनमध्ये लिहून दाखवावा. "भाऊ माझ्यात आहे" असा डायलॉग येईल आणि मागे बासरी.

पटकथावाला
एका तीन तासांच्या गेमवर सगळा डोलारा. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये नायक जोएलची पोरगी सारा मरते तो कटसीनच आहे. ‘रेड डेड २’मध्ये नायक आर्थरला क्षय झाल्याचं कळतं तोही कटसीन. लोक त्यावर रडले, ट्रिगरवर नाही. आणि आपल्या पुण्यात झालेला ‘राजी’? त्यातले बाहुल्यांच्या खेळासारखे कटसीनच सगळ्यांना आवडले.

तापीकाठ
सारा मरते कटसीनमध्ये, कबूल. पण त्याआधी घरभर अंधारात तिलाच चालवायला दिलंय. बापाच्या खोलीत जाता, बातम्या बघता, सगळं तिच्या उंचीवरून. मग जोएल तिला उचलून पळतो तेव्हा पळणारे तुम्ही असता, आणि हातात ओझं आहे म्हणून बंदूक चालवता येत नाही. एवढी पेरणी झाल्यावर कटसीन फक्त कापणी करतो. नुसता तोच तुकडा यूट्यूबवर बघा, निम्मा जोर जातो.

त्याच गेमचा शेवट बघा. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर छोटी सुरी घेऊन उभा. तिथे कटसीन टाकणं सोपं होतं. टाकला नाही. त्याला तुम्ही मारत नाही तोवर गेम पुढे सरकत नाही. दहा मिनिटं उभे राहा, तो तसाच उभा राहतो.

सातपुडा_पायवाट
आर्थरचंही तेच. आजार येतो कुठून? कर्जवसुलीच्या मिशनमधून. डाउन्स नावाच्या मरतुकड्या माणसाला बदडायला तुम्हीच जाता, तो तोंडावर खोकतो. कित्येक तासांनी डॉक्टर निदान सांगतो. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एवढं अंतर ठेवलं म्हणून ते झोंबतं.

पण हा गेम करणाऱ्या रॉकस्टार कंपनीची आरतीही नको. त्याच गेममध्ये मिशन चालू असताना ठरलेल्या वाटेवरून थोडं बाजूला घोडं घातलं की ‘मिशन फेल’. मोकळं रान दाखवायचं आणि गोष्ट सांगताना दावणीला बांधायचं.

भरीत_पार्टी
सगळे परदेशी मोठे गेम. इथे दोन-तीन पोरं जळगावला बसून करणार असतील तर पैसा कुठाय? कटसीन तर सोडाच, निवडीसुद्धा परवडत नाहीत. लोकांना वाटतं "प्लेअरला चॉइस द्या" म्हणजे झालं. दहा ठिकाणी दोन-दोन वाटा दिल्या आणि प्रत्येक फाटा वेगळा चालवला तर १०२४ शेवट होतात. कोण लिहील?

करायचं असं. फाटा फुटला की दोन-तीन प्रसंगांत पुन्हा एका वाटेवर आणायचा, पण जाताना एक आकडा बदलून ठेवायचा. तीन-चार आकडे पुरतात: उधारी किती, गावाचा विश्वास किती, कोणी पाहिलं का. पुढचा प्रसंग सगळ्यांना तोच, त्यातल्या चार ओळी आणि एखाद्याची उभं राहायची जागा आकड्यांवरून बदलते. नावाड्याचे पैसे बुडवले असतील तर पुढच्या खेपेला तो होडी आणतो, पण आधी हात पुढे करतो. एवढंच. टेलटेल कंपनीनं २०१२ मध्ये ‘द वॉकिंग डेड’ गेममध्ये, निवड केली की दिसणाऱ्या "क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील" या एका पाटीवर सगळी मालिका ओढली. पाटी उघडी पडते ती दुसऱ्यांदा खेळताना, काहीही निवडा, माणसं तीच मरतात. म्हणून पाटी लावूच नका. परिणाम दिसू द्या.

आणि हे सगळं आधी इंक किंवा ट्वाइन या फाटे फुटणारी गोष्ट लिहायच्या साधनांमध्ये नुसतं मजकुरात खेळून बघा. दोन्ही फुकट आहेत. मजकुरात कंटाळवाणं असेल ते थ्रीडीत सुधारत नाही, फक्त महाग होतं.

तापीकाठ
+१. आणि स्वस्तातलं उदाहरण हवं तर ‘पेपर्स, प्लीज’. एकट्या माणसानं केलेला, २०१३ चाच. सीमेवरचा कारकून. माणसामागे ५ क्रेडिट (गेममधले पैसे), दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून पगार कापला. नवरा येतो, कागद बरोबर. मागून बायको, तिच्याकडे प्रवेश-परवाना नाही. तिला सोडलं तर चूक लागते, अडवलं तर नवरा पलीकडे एकटा. घरी पोराला औषध लागतंय. शिक्का तुमच्या हातात. याहून मोठा कटसीन कोणता?

खान्देशातलंच हवं ना? कानबाई या आपल्या खान्देशी देवीचे रोट घ्या. बऱ्याच घरांत दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. एक बटण, एक मूठ. घरात तीन पुरुष. थोरला सुरतेला गेला तो चार वर्षं आला नाही. त्याची मूठ घ्यायची का? गेमनं काही विचारू नये. परात समोर, बटण तुमच्याकडे.

गिरणामाय
कल्पना चांगली. पण मुठी पुरुषांच्याच नावानं घेतात, आणि ज्या बाईच्या हातानं तुम्ही त्या मोजून घेताय तिच्या नावाची मूठ नाही. ते गेम दाखवणार की ‘आपली गोड परंपरा’ म्हणून पुसून टाकणार?

तापीकाठ
ताई, दाखवायचंच. बटण तिच्या हाताचं आहे, त्यातच ते आलं. वेगळं भाषण नको.

शेवभाजी_तिखट
आणि गेममधली माणसं बोलतील कशात? पुणेरीत? "अरे, तू कुठे चालला आहेस?" धुळ्याच्या बसस्टँडवर असं कोणी विचारलं तर लोक वळून बघतील. "कथा जाई राहिना रे भो?" पाहिजे. खान्देशी गेम म्हणजे अहिराणीच.

केळीबाग
झालं सुरू. खान्देश म्हणजे फक्त अहिराणी नाही हे किती वेळा सांगायचं? रावेर, यावल, भुसावळकडे लेवा बोली आहे. ‘आहे’साठीचं तुमचं ‘शे’ तिच्यात नाही. बहिणाबाईंना ‘अहिराणी कवयित्री’ म्हणून फलक लावणारे हेच लोक. गेममध्येही तेच करणार.

शेवभाजी_तिखट
बहिणाबाई मध्ये कुठून आल्या? कोणी नाव तरी घेतलं का?

केळीबाग
घेत नाही म्हणूनच सांगतोय.

सातपुडा_पायवाट
आणि नंदुरबारकडची भिली, पावरी? ती तुमच्या दोघांच्याही नकाशात नाही, वा.

भरीत_पार्टी
भांडा. पण आधी अक्षरं तरी नीट दिसू द्या. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनातल्या टेक्स्टमेशप्रोत (मजकूर दाखवणारा भाग) देवनागरी टाकून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी ती नंतर येते, जोडाक्षरं फुटून हलंत लटकतात. कारण ते अक्षरांची जुळणीच करत नाही, एका कोडला एक आकृती एवढंच त्याला कळतं. अहिराणी काय, लेवा काय, दोन्ही सारखीच तुटणार. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात अक्षरं जुळवणारं हार्फबझ आतच आहे, तिथे बरोबर दिसतं.

तिथेही एक खड्डा आहे. डायलॉग टाइपरायटरसारखा एकेक अक्षर उमटवायची सगळ्यांना हौस. कोड एकेक युनिकोड खूण मोजत असेल तर ‘स्त्री’ला सहा टप्पे लागतात: स, मग स्, मग स्त, मग पुन्हा हलंत... डोळ्यांसमोर शब्द थरथरतो. अक्षरगुच्छानं, म्हणजे डोळ्यांना एक दिसतं त्या अख्ख्या अक्षरानं, कापायचं. आणि लायब्ररी कोणत्या सालची ते बघा. जुन्या नियमांत हलंतानंतर तुकडा पडतो. युनिकोड १५.१ पासून, म्हणजे २०२३ पासून, देवनागरी जोडाक्षर एकच गुच्छ धरलं जातं. हे जमत नसेल तर सरळ शब्द-शब्दानं उमटवा, कोणाचं अडत नाही.

पटकथावाला
धागा गोष्टीवर होता. फाँटवर आला.

भरीत_पार्टी
वाचता न येणारी गोष्ट आठवणीत कशी राहील ते तुम्हीच सांगा.

शेवभाजी_तिखट
बोलीवर परत येतो. आधी प्रमाण मराठीत लिहून मग अहिराणी ‘करून घेणं’ ही मूळ चूक. मग फक्त क्रियापदं बदलतात, बोलायची ढब पुस्तकीच राहते. बोलणाऱ्या माणसाला प्रसंग सांगा, त्याला बोलू द्या, रेकॉर्ड करा, ते उतरवून त्यातून ओळी उचला. आणि येता-जाता म्हणायच्या ओळींना, म्हणजे दुकानदार, पारावरचे म्हातारे, किमान सहा-सात पर्याय ठेवा. नुकतीच म्हटलेली ओळ लगेच परत येता कामा नये. ‘स्कायरिम’मध्ये पहारेकरी ‘गुडघ्यात बाण घुसला’ म्हणतात त्याची २०११ पासून चेष्टा चालू आहे, ती ओळ वाईट होती म्हणून नाही, शंभरदा ऐकू आली म्हणून. उलट ‘हेडीस’ बघा, वीस हजारांहून जास्त रेकॉर्ड केलेल्या ओळी. मरून घरी परत आलात की कोणीतरी नवीनच काही बोलतं, म्हणून मरायचा कंटाळा येत नाही.

केळीबाग
वीस हजार ओळी जळगावात कोण बोलणार?

शेवभाजी_तिखट
तुम्ही. लेवा बोलीत. दुकानदार भुसावळचा करू, खूश?

केळीबाग
खूश नाही, पण दुकानदार माझा. आणि त्याच्या तोंडी ‘शे’ आला तर बघा.

पटकथावाला
बरं बाबा. कटसीन दोन तासांवरून वीस मिनिटांवर आणतो, मुठीचा प्रसंग हातात द्या. पण सुरतेचा पोरगा परत येतो तो प्रसंग कटसीनच राहील, तिथे माघार नाही. दार उघडायला बटण द्या म्हणाल तर मी उठून जाईन.

तापीकाठ
दार उघडायला बटण नको. दाराशी कोण आलं हे बघायला उठायचं की परात सोडायची नाही, एवढंच हातात असू द्या. तो आत आला की कॅमेरा तुमचा.

पटकथावाला
...हे चालेल. उपकार केल्यासारखं म्हणतोय असं समजा.

गिरणामाय
आणि ती उठली नाही तर?

तापीकाठ
तर आवाज फक्त मागून येतो. तोंड दिसत नाही. नमुना म्हणून परातीचा एक स्क्रीन बनवून वर चिकटवलाय, बघा.

भरीत_पार्टी
बघितला. ‘मूठ’चा ऊकार खालच्या ओळीत घुसून कापला जातोय. आधी ओळींमधलं अंतर वाढवा.