मदत हवी आहे: इस्लामी शिक्षणविचारावर सेमिनार, सोमवारी सादर करायचाय

पाटीपेन्सिल (धागाकर्ती), शुक्रवार रात्री ९:४०
नमस्कार. इस्लामी शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि त्यातले मुख्य विचारवंत यावर मराठीत काही वाचायला मिळेल का? आमच्याकडच्या गाइडमध्ये दीड पान आहे आणि वर्गातल्या सगळ्यांनी तेच उतरवलंय. मी वीस पानं लिहून दिली होती, ती परत आली. आता पुन्हा लिहायचंय आणि वेळ अजिबात नाही. गझाली आणि इब्न खल्दून ही नावं माहीत आहेत. प्लीज लवकर सांगा. नेटवर शोधून झालंय, ते सांगू नका.

रानमोगरा, ९:५२
मदत करता येईल, पण कशासाठी हवंय? बी.एड., एम.एड., की नेट परीक्षेची तयारी? बोलायचं किती वेळ? आणि वीस पानं परत का आली? ते कळल्याशिवाय आम्ही काय सांगणार?

अभ्यासू_७१, १०:०५
नेटसाठी असेल तर तक्ता करा. शिक्षणशास्त्राच्या पेपरात पहिल्याच युनिटमध्ये सांख्य, योग, वेदान्त, बौद्ध, जैन यांच्या जोडीला इस्लामी परंपरा आहे. इब्न सीना ९८० ते १०३७, गझाली १०५८ ते ११११, इब्न खल्दून १३३२ ते १४०६. नाव, काळ, ग्रंथ असे तीन रकाने पाडा आणि भिंतीवर चिकटवा. मी असंच केलं, दुसऱ्या प्रयत्नात सुटलो.

वर्धेकर, १०:११
एवढं लांब कशाला जायचं? डॉ. झाकिर हुसेन घ्या. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. जामिया मिलिया त्यांनी सांभाळलं, पुढे राष्ट्रपती झाले. हाताने काम करत शिकायचं, हा विचार आपल्या मातीत रुजलेला आहे. माझे वडील सेवाग्रामला शिकले, मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

रानमोगरा, १०:१८
वर्धेकर, आदर आहेच, पण त्या आराखड्यामागे गांधीजी होते, आणि झाकिरसाहेब स्वतः बर्लिनला शिकलेले. कोणी मुसलमान आहे म्हणून त्याचा शिक्षणविचार आपोआप इस्लामी तत्त्वज्ञान होत नाही.

वर्धेकर, १०:२४
आणि अरबीत लिहिलं म्हणून आपोआप होतं का? कष्टाची प्रतिष्ठा, चारित्र्य, समाजाची सेवा हे त्यांना घरातून आणि धर्मातूनच आलं होतं. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

पाटीपेन्सिल, १०:३१
अहो, मूळ प्रश्न राहिला बाजूला. एम.एड.चा सेमिनार आहे, वीस मिनिटं बोलायचं, मग प्रश्न. पानं परत आली कारण मॅडमनी पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलंय, "हा मदरशांचा इतिहास झाला. तत्त्वज्ञान कुठे आहे?" आणि चौथ्या पानावर एका वाक्याभोवती गोल करून "कोणता निझाम?" एवढंच. त्यांना विचारायला गेले तर म्हणाल्या, शोध.

निवृत्त_मास्तर, १०:४०
बाळ, गोल केलेलं ते वाक्य इथे जसंच्या तसं लिही बघू.

पाटीपेन्सिल, १०:४३
"बगदादचा वजीर निझामुल्मुल्क याने दर्स-ए-निझामी हा अभ्यासक्रम सुरू केला व पुढे हैदराबादच्या निझामाने तो आपल्या राज्यात रूढ केला."

दौत_लेखणी, १०:५८
मी उर्दू माध्यमाच्या शाळेत वीस वर्षं शिकवतेय. ताई, या एका वाक्यात तुम्ही तीन निझाम एकत्र बांधलेत.

निझामुल्मुल्क हा सेल्जुक सुलतानांचा वजीर. त्याने बगदादची निझामिया मदरसा काढली, ती १०६७ मध्ये सुरू झाली. तो स्वतः १०९२ मध्ये मारला गेला. दर्स-ए-निझामी त्यानंतर सहाशे वर्षांहून जास्त काळाने आली आणि तीही लखनौत. मुल्ला निझामुद्दीन सिहालवी, मृत्यू १७४८. त्यांच्या वडिलांचा खून झाल्यावर औरंगजेबाने या कुटुंबाला लखनौमधली एका फिरंगी व्यापाऱ्याची हवेली राहायला दिली, म्हणून त्या घराण्याला फिरंगी महल म्हणतात. त्यांच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांना मोठं स्थान होतं, ही गोष्ट लोकांना ठाऊक नसते. हैदराबादच्या निझामाचा या नावाशी काहीही संबंध नाही.

आता तत्त्वज्ञान. तीन शब्द धरून चाला: तालीम, तरबियत, तादीब. तालीम म्हणजे ज्ञान देणं. इल्म (ज्ञान), आलिम (विद्वान), मुअल्लिम (शिक्षक) हे सगळे त्याच धातूचे. तरबियत म्हणजे वाढवणं, जोपासणं. तादीब म्हणजे अदब लावणं. १९७७ मध्ये मक्केला मुस्लिम शिक्षणावर जागतिक परिषद भरली, तिथे मलेशियाचे सय्यद मुहम्मद नकीब अल-अत्तास यांनी आग्रहाने मांडलं की खरा शब्द तादीब. त्यांचं कारण असं, की तरबियत झाडाची आणि जनावराचीही होते, अदब फक्त माणसालाच लावता येतो. प्रत्येक गोष्टीची योग्य जागा ओळखणं आणि त्याप्रमाणे वागणं, हा त्यांचा अदबचा अर्थ. तुमच्या मॅडमना हेच हवं असणार.

लाल_माती, ११:०४
तालीम शब्द वाचून राहवलं नाही. आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि नाटकवाल्यांची तालीम म्हणजे सराव. म्हणजे मराठीने तो शब्द थेट अंगमेहनतीवर नेला. वस्ताद हासुद्धा उस्तादच. आमचे वस्ताद डाव सांगायचे नाहीत, शंभर वेळा करून घ्यायचे.

अभ्यासू_७१, ११:०९
विषयाला धरून बोला की. मुलीला सोमवारी उभं राहायचंय.

सरळ_रेषा, ११:२०
एक अप्रिय गोष्ट लिहिणं भाग आहे. गझालीचं कौतुक करताना लोक विसरतात की त्याने तत्त्वज्ञांवर ग्रंथ लिहून त्यांना पाखंडी ठरवलं आणि तिथून विज्ञानाचा दरवाजा बंद झाला. हे सेमिनारमध्ये आलंच पाहिजे, नाहीतर तो अर्धवट होईल.

दौत_लेखणी, ११:४१
सरळ_रेषा, हे फार ठिकाणी लिहिलेलं असतं, म्हणून सविस्तर उत्तर देते. गझालींनी तहाफुत या ग्रंथात तत्त्वज्ञांची वीस मतं खोडली. त्यातली तीनच धर्माबाहेरची ठरवली: जग अनादी आहे, ईश्वराला बारीकसारीक गोष्टी कळत नाहीत, आणि मृत्यूनंतर शरीर उठत नाही. गणितावर त्यांचा हल्ला नाही. उलट आत्मकथनात ते लिहितात, की गणिती शास्त्रं नाकारून आपण धर्म राखतो असं ज्याला वाटतं तो धर्माचंच नुकसान करतो. तर्कशास्त्रावर त्यांनी स्वतः पुस्तकं लिहिली.

इह्या उलूम-उद्-दीन या त्यांच्या ग्रंथाचे चाळीस भाग आहेत आणि पहिलाच भाग ज्ञानावर आहे. त्यात फर्ज-ए-ऐन आणि फर्ज-ए-किफाया असे दोन भेद येतात. पहिलं ज्ञान प्रत्येकाने मिळवलंच पाहिजे. दुसरं समाजात पुरेशा लोकांकडे असलं म्हणजे झालं, पण कोणाकडेच नसेल तर दोष सगळ्यांवर. वैद्यकी आणि हिशेब हे दुसऱ्यात. आणि पुढे त्यांची तळमळीची तक्रार आहे: कितीतरी गावांत मुसलमान वैद्य एकही नाही, तरी सगळे धावतात फिक्ह (धार्मिक कायदा) आणि वादविवादाकडे, कारण मान आणि पद तिथे मिळतं. दरवाजा बंद करणारा माणूस असं लिहीत नाही.

सरळ_रेषा, ११:५३
वैद्यकीची शिफारस केली हे मान्य. पण कार्यकारणभाव नाकारला, त्याचं काय? कापूस आगीने जळत नाही, ईश्वर जाळतो, हे त्याचंच ना? पुढे इब्न रुश्द या तत्त्वज्ञाला त्याच्यावर उत्तर लिहावं लागलं ते उगाच नाही.

दौत_लेखणी, शनिवार १२:०२
उत्तर लिहिलं, बरोबर. तो वाद खरा आहे आणि मोठा आहे. पण तो कारणाबद्दलचा वाद. एका माणसाच्या एका पुस्तकाने शतकांचा दरवाजा बंद होतो, हे मला पटत नाही. ताईंनी हवं तर दोन्ही बाजू एका परिच्छेदात द्याव्यात आणि पुढे जावं. वीस मिनिटं आहेत.

स्कॉलरशिप_मित्र, सकाळी ७:१०
उर्दू माध्यमातून बी.एड. करणाऱ्यांनी प्रवेशाच्या वेळी जातीचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. शेवटच्या दिवशी धावपळ होते.

निवृत्त_मास्तर, सकाळी ७:३५
मी उदगीरचा. आमच्या भागात १९४८ पर्यंत शाळा उर्दूतून. आजोबांना फारसी कवी शेख सादीच्या गुलिस्ताँमधले उतारे तोंडपाठ होते. १२५८ चा ग्रंथ. त्याचा सातवा बाब, म्हणजे प्रकरण, पूर्ण तरबियतवर आहे. त्यात एक राजा मुलाला मकतबात (लहान मुलांच्या शाळेत) धाडतो, चांदीची पाटी देतो आणि पाटीवर सोन्याने लिहून देतो, की बापाच्या मायेपेक्षा उस्तादाचा जाच बरा. आजोबा हे सांगताना उजव्या हाताचं करंगळीजवळचं हाड दाखवायचे. तिथे एक गाठ होती, मौलवीसाहेबांच्या वेताची. तक्रार म्हणून नाही दाखवायचे, अभिमानाने दाखवायचे. मी मास्तर झालो तेव्हा पहिली चार वर्षं मीही मारलं. एका मुलाने शाळा सोडली. तेव्हापासून हात उचलला नाही.

बाळ, उदगीरहून बीदर जवळ आहे. बहमनी वजीर महमूद गावानची मदरसा बघून ये. १४७२ ची. अर्धी पडलेली आहे, पण उरलेल्या मिनारावर निळ्या फरशांचे तुकडे अजून दिसतात. इतिहास म्हणून नव्हे, एका वजिराने दख्खनमध्ये एवढा पैसा शिकण्यावर का ओतला असेल, हा प्रश्न पडावा म्हणून.

मस्कतकर, सकाळी ८:५०
मास्तरांनी सादी आणलाच आहे, तर त्याच्या अगदी उलट माणूस इब्न खल्दून. त्याच्या मुकद्दिमा या ग्रंथाचा (१३७७) सहावा भाग विद्या आणि शिकवणं यावर आहे. तो म्हणतो, मुलांशी कठोर वागलात तर ती आळशी होतात, खोटं बोलायला लागतात, मनात एक आणि ओठावर एक ठेवायला शिकतात, आणि ही सवय मोठेपणी त्यांचा स्वभाव बनते. मास्तरांचा शाळा सोडलेला मुलगा मला त्याच्या पानावर दिसला.

पण त्याचं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. शिकवणं हे एक कसब आहे, सुतारकामासारखं. डोक्यात माहिती असणं वेगळं आणि अंगी मलका येणं वेगळं. मलका म्हणजे पुन्हा पुन्हा करून अंगात मुरलेली क्षमता. म्हणून विषय तीनदा शिकवावा: पहिल्यांदा प्रत्येक प्रकरणातलं ठळक तेवढंच, दुसऱ्यांदा मतभेदांसकट सविस्तर, तिसऱ्यांदा एकही गाठ न सोडता. दोन विषय एकदम सुरू करू नयेत. दोन धड्यांमध्ये फार खंड पडू देऊ नये, माणूस विसरतो. आणि विद्यार्थ्याने बोललं पाहिजे, वाद घातला पाहिजे. तो दाखला देतो: मोरोक्कोच्या मदरशांत मुलं सोळा वर्षं राहतात, ट्युनिसला पाच. सोळा वर्षं गप्प बसून पाठांतर केलेल्याच्या अंगी कसब येत नाही. सारांशाच्या छोट्या पुस्तकांवर तर तो चिडलेलाच आहे. त्याच्या मते ती विद्यार्थ्याची वाट अडवतात. तुमच्या दीड पानाच्या गाइडला हे लागू आहे.

लाल_माती, सकाळी ९:०५
शंभर वेळा करून घेणारे वस्ताद! मी रात्री तेच म्हणत होतो. आणि कसब हा शब्दही अरबीच ना?

दौत_लेखणी, सकाळी ९:२०
अरबीच. तुमचं बरोबर होतं, लाल_माती.

वर्धेकर, सकाळी ९:३२
मग हाताने करत शिकणं इथेही आलंच की. चरख्यावर मूल सूत कातता कातता गणित शिकतं, तीच मलका. मी काय चुकीचं बोललो?

रानमोगरा, सकाळी ९:४०
यावेळी चुकीचं नाही बोललात. शेवटी दोन मिनिटं त्याला देता येतील.

पाटीपेन्सिल, सकाळी ११:१५
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री उशिरापर्यंत परत परत वाचलं. गझाली कठोर असतील असंच मी धरून चालले होते, कारण गाइडमध्ये "शिस्तप्रिय" लिहिलंय. ते खरं आहे का? आणि विचारवंत किती घेऊ? मी आठ घेतले होते.

दौत_लेखणी, सकाळी ११:३४
दोन घ्या. गझाली आणि इब्न खल्दून.

शिस्त हवी म्हणतातच. पण इह्यामध्ये शिक्षकाची आठ कर्तव्यं आहेत आणि पहिलंच आहे माया: विद्यार्थ्याला पोटच्या मुलासारखं वागवणं. चूक दाखवायची ती आडून, चारचौघांत नाही. आणि मुलांच्या संगोपनाच्या भागात ते लिहितात, की मकतबातून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावं. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपलं तर मन मरतं आणि बुद्धी बोथट होते. मूल हे आईबापांकडे अमानत आहे, हा त्यांचा पाया. म्हणजे ठेव. ठेव आपली नसते, ती जशीच्या तशी, किंवा वाढवून, परत करायची असते.

आता दोघांना समोरासमोर ठेवा. गझालींना विचारा, शिकायचं कशासाठी? उत्तर: ईश्वराजवळ जाण्यासाठी, म्हणून शिकवणाऱ्याचं आचरण आधी. इब्न खल्दूनला विचारा, शिकणं घडतं कसं? उत्तर: सरावाने, संवादाने, आणि जिथे शहरं नांदती आहेत तिथे. वीस पानांत तुम्ही हे दोन प्रश्न विचारलेच नव्हते, म्हणून इतिहास झाला.

सरळ_रेषा, सकाळी ११:५०
ही मांडणी चांगली आहे. इब्न रुश्दचं नाव एकदा तरी घ्या, एवढीच विनंती.

पाटीपेन्सिल, रविवार सायंकाळी ६:२०
अकरा पानं झाली. निझामाचं वाक्य काढून मुल्ला निझामुद्दीन एका ओळीत ठेवले. इब्न रुश्द आहेत. सुरुवात अशी केलीय: "मूल ही आईबापांकडे ठेवलेली अमानत आहे, असं गझाली म्हणतो; ती ठेव कोणत्या कसबाने वाढवायची, हे इब्न खालदून सांगतो." चालेल?

दौत_लेखणी, ६:३१
चालेल. खालदून नाही, खल्दून. आणि गझाली म्हणतात.

निवृत्त_मास्तर, ६:४५
बाळ, उद्या झालं की अकरा पानांची एक प्रत मला पाठव. मोठ्या अक्षरात छापून, डोळ्यांना आता बारीक दिसत नाही.