कॉम्प्युटर बंद केलास का? घरच्या मशीनच्या जागरणाचे अनुभव

गॅस, गीझर, दिवे आणि शेवटी लॅपटॉप, या क्रमाने रोज रात्री सगळं बंद करून झोपणाऱ्यांपैकी मी. परवा लॅपटॉप फारच रेंगाळायला लागला म्हणून टास्क मॅनेजर उघडला, तर 'अप टाइम'खाली, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे त्या जागी, ४१ दिवस ७ तास! मी तर रोज शट डाउन करते. आधी नवऱ्यावर संशय घेतला, मग मुलावर. दोघांनीही हात वर केले.

तर सांगा, तुमच्या घरचा कॉम्प्युटर किती वेळ चालू असतो? बंद करता, झोपवता, की तसाच सोडून देता? आणि का? मला तासांपेक्षा कारणं वाचायची आहेत. डब्बा मॉनिटरच्या काळातले किस्सेही येऊ द्या.

– सांजवात, पुणे

रातकिडा

नवरा निर्दोष आहे, ताई. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शट डाउन केलं की तुम्ही उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे ते घड्याळ शून्यावर येतच नाही. 'रीस्टार्ट' केलं तर येतं. म्हणजे शट डाउनपेक्षा रीस्टार्टच जास्त 'बंद' असतं! नको असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढून टाका.

सांजवात

अरे देवा. नवऱ्याला चहा करून देते आधी.

खिळेजुळव्या, सांगली जिल्हा

आमचं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं, काम घरातच, पुढच्या खोलीत. २००६-०७ चं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना 'किती वेळ चालू ठेवता' हा प्रश्नच गंमतीचा वाटेल. लाईट असेल तेवढा वेळ! लाईट कधी जाणार याचा तक्ता भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवलेला असायचा, आणि लग्नसराईत तर आम्ही मुहूर्ताच्या आधी तो तक्ता बघायचो.

यूपीएस होता ६०० व्हीएचा. नवा असताना पंधरा मिनिटं द्यायचा. दोन वर्षांनी बॅटरी इतकी उतरली की 'टूं' वाजायच्या आत मॉनिटर काळा. पेजमेकरमध्ये चाळीस पानांची स्मरणिका अर्धी लागलेली आणि शेवटचं सेव्ह दीड तासापूर्वीचं. त्या दिवसापासून डाव्या हाताला सारखं सेव्ह करायची जी सवय लागली ती अजून आहे. हल्ली मोबाईलवर मेसेज लिहितानाही करंगळी कंट्रोल शोधते.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक दोष होता. मशीन सुरू झाल्यापासूनचा वेळ ते मिलिसेकंदांत मोजायचं आणि आकडा ३२ बिटांत साठवायचं. ४९ दिवस आणि १७ तासांनी तो आकडा भरून पुन्हा शून्यावर जायचा आणि मशीन गोठायचं. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये त्यावर दुरुस्ती काढली. आमच्या गावात ती कुणालाच लागली नाही. ४९ दिवस सोडा, ४९ तास सलग लाईट असती तर आम्ही पेढे वाटले असते.

एकटा टायगर

काका, विंडोज ९८ स्वतःच्या जिवावर तरी कुठे ४९ दिवस टिकत होतं? दुपारपर्यंत निळा पडदा!

आंबोशी, रत्नागिरी

आमच्याकडे दोन शास्त्रं आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध.

पहिलं विजेचं. वळवाचा पाऊस आणि नवरात्राच्या आसपासचा गडगडाट, या दोन वेळी मशीन नुसतं बंद करून भागत नाही, पिनच उपटायची. फोनची वायरसुद्धा. २००९ च्या मे महिन्यात मी लाईटची पिन काढली आणि टेलिफोनची विसरले. लांब कुठेतरी वीज पडली. मोडेम गेला, आणि त्याच्या केबलमधून मदरबोर्डावरचं लॅनचं पोर्टही गेलं. बाकी मशीन ठणठणीत. म्हणजे रोग दारातून नाही, खिडकीतून आला.

दुसरं शास्त्र दमटपणाचं. जुलैमध्ये आठवडाभर मुंबईला जाऊन आलं की बटण दाबल्यावर नुसता पंखा फिरतो, पडद्यावर काही नाही, आतून तीन-चार वेळा पीं पीं. मग कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायच्या आणि परत बसवायची. दहातल्या आठ वेळा चालू होतं. (दुरुस्तीवाला हेच करून तीनशे रुपये घेतो. एकदा चोरून पाहिलं तेव्हापासून घरात खोडरबर वेगळा ठेवलाय, नातवाला हात लावू देत नाही.) म्हणून पावसाळ्यात काम असो-नसो, रोज दोन तास चालू ठेवते. आतल्या उबेने ओल धरत नाही.

तर जूनमध्ये आकाशाकडे बघून ठरवायचं, आज ओल जास्त भीतीची की वीज. एकदा एसएमपीएसमध्ये (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) पाल शिरून फ्यूज उडाला होता, पण त्यावर कुठलंच शास्त्र चालत नाही.

बिलभरू, डोंबिवली

निवृत्त बँकवाला आहे, हिशेबच मांडतो. प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर आणला. आमचा डेस्कटॉप नुसता बसून ६० वॉट, मॉनिटर २० वॉट. ८० वॉट गुणिले २४ म्हणजे दिवसाला १.९२ युनिट, महिन्याला ५७.६. घरचं बिल २७० युनिटच्या आसपास असतं. अधिक ५८, म्हणजे ३०० च्या वर, आणि वरची युनिटं पुढच्या स्लॅबच्या दराने. हा कागद मुलाच्या टेबलावर काचेखाली ठेवला. त्याने वाचला, 'बरोबर आहे बाबा' म्हणाला, आणि मशीन चालूच. शेवटी हिनं सांगितलं, तुझ्या खोलीचा एसी की कॉम्प्युटर, एक काय ते निवड. आता मशीन स्लीपमध्ये जातं. मीटरवर २ वॉट दिसतात.

दोन ते आठ

बीएसएनएलच्या त्या ५०० रुपयांच्या प्लॅनमधलं रात्री २ ते सकाळी ८ मोफत डाउनलोड आठवतंय का? आमच्या मशीनचा दिवस रात्री दोनला उजाडायचा. १:५५ चा गजर उशीखाली. एक मिनिट आधी सुरू केलं तर मीटर चालू, म्हणून घड्याळ सेकंदासकट जुळवलेलं. मॉनिटर बंद, मोडेमच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांवर कानटोपी. पंख्याच्या आवाजाचं मात्र काही करता यायचं नाही. आई उठायची आणि अंधारातच विचारायची, "कॉम्प्युटर बंद केलास का?" मी "हो". पंखा घर्रर्र. तिला कळत नव्हतं असं मला आत्ता आत्तापर्यंत वाटत होतं.

सिंहस्थ, नाशिक

मी परग्रहवासीयांसाठी चालू ठेवायचो. थट्टा नाही.

बर्कलीच्या विद्यापीठाने १७ मे १९९९ ला सेटी ॲट होम सुरू केलं. पोर्तो रिकोमधल्या आरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचे तुकडे करून ते जगभरच्या घरच्या कॉम्प्युटरांना वाटायचे. एक तुकडा साधारण ३५० केबीचा. तो उतरवायला डायल-अपवर दोन-चार मिनिटं, मग फोन मोकळा, आणि तपासायला आमच्या पेंटियमला दीड-दोन दिवस. पडद्यावर रंगीत आलेख नाचायचे. शेजारची मुलं ते बघायलाच यायची. वडील रोज पेपर वाचता वाचता विचारायचे, "काय, आले का?" जसं काही पाहुण्यांची गाडी लेट आहे.

३१ मार्च २०२० ला नवे तुकडे वाटणं थांबलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला आरेसिबोची दुर्बीणही कोसळली. तोवर वडील नव्हते. माझ्या खात्यावर तीन हजारांच्या वर तुकडे आहेत, पाहुणा एकही नाही. विजेचे पैसे फुकट गेले असं मात्र कधी वाटलं नाही.

दुधी, स्टुटगार्ट

इथे युनिटला ३०-४० सेंट पडतात, त्यामुळे आपोआप शिस्त लागते. पण खरी गोष्ट वेगळीच. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला बटण असतं, याचं मोल इथे आल्यावर कळलं. इथे भिंतीतून वीज सतत वाहती. मग बटण असलेली पट्टी विकत आणायची आणि पायाने बंद करायची. आई इथे राहायला आली तेव्हा पहिल्या रात्री भिंतीवर बटणं शोधत होती.

ठाणेकर तारयंत्र

लॉकडाउन लागलं त्या आठवड्यात, २२ मार्च २०२० ला, घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून फायली ठेवायचा सर्व्हर केला. रोज 'अपटाइम'ची आज्ञा देऊन आकडा बघायचा, जसं काही मुलाची उंची दारावर खुणेने मोजतोय. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली. २०४ दिवसांवर खेळ संपला.

लाईट आल्यावर मशीन उठलं आणि साठलेले अपडेट दाखवले. गाभ्याचे, सुरक्षेचे, सगळे रीस्टार्टची वाट बघत बसलेले. ज्याचा अभिमान वाटत होता तो आकडा म्हणजे सहा महिने कडी न लावलेलं दार होतं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मीच पाडतो.

माई_ठाणे

मुलगा व्हँकुव्हरला. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, थंडीत साडेतेरा. त्याचा स्काइप कधी येईल नेम नसायचा, म्हणून २०१० पासून चार-पाच वर्षं आमचा कॉम्प्युटर आम्ही घरात असेपर्यंत बंद झालाच नाही. स्पीकर मोठा. आता फोनवरच दिसतो. कॉम्प्युटर फक्त सोसायटीचे हिशेब करताना लावते.

बिलभरू, डोंबिवली

रातकिडा, तुम्ही म्हणालात म्हणून मुलाकडून डिस्कचे एकूण चालू तास काढून घेतले. 'पॉवर ऑन अवर्स' ६१,३२०. भागिले ८,७६०, म्हणजे सात वर्षं अखंड! कागद काचेखाली ठेवून मी इतकी वर्षं काय केलं? त्याखाली एक पिवळी खूण आणि 'कॉशन' असंही दिसतंय. सगळे फोटो त्याच डिस्कवर आहेत. उद्या बाजारातून दुसरी आणून बॅकअप घेतो.

रातकिडा

तासांचं मी कधी म्हणालो, काका? पण ते राहू द्या. आज रात्री मशीन बंद करू नका आणि फोटो आत्ताच कुठल्याही पेनड्राइव्हवर उतरवायला लागा. पिवळी खूण तासांची नसते, खराब झालेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांची असते.

बिलभरू, डोंबिवली

लावलंय. ५ तास ४० मिनिटं दाखवतंय. ही विचारतेय, आज बंद का नाही करत.